सासूबाईंची खाण

लग्न होऊन मी कोलशेतला आले तेव्हा माझ्या सामानात एक जुना टॅब होता. कॉलेजात असताना धाकट्या बहिणीबरोबर मी त्याच्यावर ठोकळ्यांचा एक गेम खेळायचे. त्या गेममध्ये सगळं जगच चौकोनी ठोकळ्यांचं असतं, डोंगर, झाडं, मेंढ्यासुद्धा. झाड तोडून लाकडाची कुदळ करायची, तिने दगड फोडायचा, दगडाच्या कुदळीने लोखंड काढायचं आणि लोखंडाच्या कुदळीने हिरे. हिरे अगदी खाली, जवळजवळ जगाच्या तळाशी असतात. लोक त्यात किल्ले बांधतात, अख्खी गावं वसवतात. मला ते कधी जमलं नाही. मी फक्त खणायचे. पुढे नोकरी लागल्यावर दिवसभर ठाण्यातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं, सुई बघून तोंड फिरवणाऱ्यांशी गोड बोलायचं आणि घरी आल्यावर कुणाशीही न बोलता भिंत फोडत बसायचं, यात मला आराम वाटायचा.

नवरा माझा तिथल्या जुन्या आगरी घरातला. एके काळी त्यांची खाडीच्या बाजूला शेती होती, घरातली माणसं मिठागरात कामाला जायची. आता त्याच जमिनीच्या तुकड्यावर त्यांची स्वतःची छोटी बिल्डिंग आहे, वर भाडेकरू आहेत, आणि समोर एवढे उंच टॉवर झालेत की दुपारनंतर आमच्या अंगणात ऊन येत नाही. मी विठ्ठलवाडीच्या चाळीतली, बौद्ध घरातली. लॅबमधलं मशीन बिघडलं की दुरुस्तीला तो यायचा, तशी आमची ओळख झाली.

सासूबाईंनी लग्नाला नाही म्हटलं नाही. रजिस्टर ऑफिसात आल्या, फोटोला उभ्या राहिल्या आणि घरी येऊन तळमजल्यावरच्या आपल्या खोल्यांत गेल्या. आम्ही पहिल्या मजल्यावर. सासरे आधीच गेलेले. पुढची दोनेक वर्षं आम्हा दोघींचं बोलणं म्हणजे पाण्याची मोटर लावली का आणि गॅसवाला आलेला का. भांडण एकदाही झालं नाही. पण त्या माझ्या हातचं काही खायच्या नाहीत. मी डब्यातून खीर नेली की "ठेव तिथं," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, कोरडा करून जिन्याच्या पायरीवर ठेवलेला असायचा. खीर कुठे गेली हे मी विचारत नव्हते. त्या विठ्ठलवाडीला माझ्या माहेरीही कधी आल्या नाहीत. मम्मीने दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्यांचे गुडघे दुखत होते. गुडघे खरंच दुखायचे, त्यामुळे कुणाला काही बोलता येत नव्हतं.

शेवटी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. वाटी बदलायची. डाव्याचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही दोघं गाद्या-उशा घेऊन खाली राहायला आलो. मी रजा घेतली. त्यांना संडासला नेणं, अंग पुसून देणं, पाय उशीवर ठेवणं, सगळं मीच करत होते. नवरा मदत करायला यायचा, पण त्याच्यासमोर त्यांना लाज वाटायची.

आणि जेवण. दुसरं कोणी करणारं नव्हतंच. पहिल्या दिवशी मी भात आणि बोंबलाचं कालवण केलं, ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मुद्दाम बाहेर जाऊन कपडे वाळत घालत बसले. परत आले तेव्हा ताट रिकामं होतं.

"चिंच कमी पडली," त्या म्हणाल्या.

एवढंच. मी ताट उचललं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याने भावाला फोन करायला घेतला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

खरी अडचण पायाची होती. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज घरी यायची आणि त्यांना गुडघा वाकवायला लावायची. पलंगाच्या कडेला बसायचं आणि टाच हळूहळू मागे ओढायची. दुखायचं खूप. सासूबाई ओरडायच्या नाहीत, ओठ घट्ट मिटून पलंगाची कड धरायच्या आणि थोड्या वेळाने "उद्या करू" म्हणून आडव्या व्हायच्या. ती मुलगी जाताना मला दाराशी गाठून सांगायची, "ताई, असंच चाललं तर पाय आखडून जाईल. दिवसातून तीन-चारदा तुम्ही करून घ्या." मी करून घ्यायला गेले की त्या डोळे मिटून झोपल्याचं दाखवायच्या.

अशाच एका दुपारी त्या पडलेल्या होत्या आणि मी समोरच्या खुर्चीत टॅब घेऊन खणत बसले होते.

"काय करतेस गो त्यात एवढं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं टोमणा आहे. "गेम आहे, आई. खणतेय."

"काय खणतेस?"

"खाली हिरे असतात. ते शोधतेय."

"गावले?"

"आज नाही."

मी परत खणायला लागले. थोड्या वेळाने, "आता?"

"नाही अजून."

"बघू दे."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि टॅब दोघींना दिसेल असा धरला. मी काळ्या दगडातून सरळ बोगदा काढत होते. भिंतीत काळे ठिपके असलेला एक ठोकळा दिसला, मी तो तसाच ठेवून पुढे गेले.

"तो काय होता?"

"कोळसा."

"मग सोडलास कशाला?"

"माझ्याकडे खूप झालाय, आई."

"झाला म्हणून टाकून जायचं?" त्या म्हणाल्या. मला परत मागे जाऊन तो कोळसा काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं की आज खणायचं नाही का. मी म्हटलं, आधी पाय. पाय वाकवून झाला की टॅब तुमच्या हातात देते. हे बोलायला मला धीर करावा लागला, कारण त्या घरात त्यांना अटी घालणारं कोणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे बघितलं आणि पलंगाच्या कडेला सरकल्या.

मी त्यांच्यासाठी नवीन जग उघडलं. त्यातले राक्षस बंद करून टाकले, नाहीतर अंधारात पाठीमागून येऊन मारतात आणि त्या दचकल्या असत्या. पण खेळ शिकवणं सोपं गेलं नाही. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्या बोटाने ठोकळा दाबून धरायचा, हे दोन्ही एका वेळी त्यांना जमेना. पहिले काही दिवस त्या भिंतीकडे तोंड करून नुसत्या उड्या मारत होत्या. एकदा तळ्यात पडल्या आणि बाहेर येता येईना, तेव्हा टॅब माझ्या अंगावर टाकून म्हणाल्या, "घे, मना नको." अर्ध्या तासाने परत मागितला.

झाडं तोडायला त्यांना आवडलं नाही. लागेल तेवढंच लाकूड घेतलं आणि जिथे झाड तोडलं तिथे रोप लावलं. तसं करता येतं हे मी सांगितलेलं, पण मी स्वतः कधी लावत नव्हते. दगड फोडायला मात्र त्यांचा हात बसला. एकदा जमिनीखाली गेल्या त्या गेल्याच. फिजिओवाली मुलगी आली की पाय खाली सोडून टाच मागे ओढायच्या आणि ती म्हणेल तितका वेळ धरून ठेवायच्या. तिला वाटलं मी काहीतरी जादू केली. मी सांगितलं, खाणीत जायची घाई आहे त्यांना. तिला काही कळलं नाही.

खालच्या दगडांना त्यांनी आपली नावं ठेवली. गेममधली नावं इंग्रजी, त्यांना ती नको होती. लोखंडाचं लोखंड आणि तांब्याचं तांबंच राहिलं. लाल ठिपक्यांच्या दगडाचं कुंकू झालं. निळ्या ठिपक्यांचा जो दगड असतो तो बघून त्या म्हणाल्या, "ही तर नीळ, कापडांना घालायची." हिऱ्यांना त्या खडे म्हणायच्या. मी पण तेच म्हणायला लागले. रजा संपल्यावर मी सकाळची शिफ्ट मागून घेतली. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला तर तो असा असायचा: "दोन कुंकू गावले. खडा नाय अजून. तू कधी येतेस?"

तोवर वरची भाडेकरीण अधूनमधून डोकावून जायची. तिने एकदा मला हळूच विचारलं की म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय का, कारण त्या तिला सांगत होत्या की आज बरंच लोखंड काढलं.

घरी आले की मी माझ्या फोनवरून त्यांच्या जगात शिरायचे. एकाच वायफायवर असलं की तसं जाता येतं. त्यांच्या टॅबवर माझा बाहुला दिसला की त्या म्हणायच्या, "आलीस? ये, इकडं ये," आणि मी खरी समोर बसलेली असूनही टॅबमधल्या मलाच बोलावत राहायच्या.

खणण्याच्या बाबतीत आमचं जमायचं नाही. हिरे शोधायची एक साधी रीत आहे. एक लांब बोगदा काढायचा, त्याला दोन्ही बाजूंनी फाटे काढायचे आणि दोन फाट्यांमध्ये दोन ठोकळ्यांची भिंत सोडायची. दोन्हीकडून भिंतीचे सगळे ठोकळे दिसतात, कमी खणून जास्त जागा बघून होते. मी त्यांना हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंती पाडायला लागल्या.

"आई, ती भिंत बघून झाली. दोन्ही बाजूंनी दिसतेय, तिच्यात काही नाही."

"दिसतंय तेवढंच असतं का?"

"यात तेवढंच असतं."

"राहू दे. मी माझं करते."

त्यांनी तिथे खाली एवढा मोठा रिकामा हॉल करून ठेवला की त्यात आमची बिल्डिंग मावली असती. भिंतींत काही नव्हतं, मी म्हटल्याप्रमाणेच. पण मशाली लावून त्यांनी तो लख्ख उजळला होता, आणि एक ठोकळाही वर आलेला नव्हता की खाली खड्डा नव्हता, सगळी जमीन एकसारखी. मिठागरात तसं करावं लागतं, त्या म्हणाल्या. तळ एकसारखा नसला की पाणी एका बाजूला साचतं. आम्ही बोलायला लागल्यापासून मिठागराचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला. मी अजून विचारलं तर म्हणाल्या, "पायाला भेगा पडायच्या, नि भेगांत मीठ जायचं. त्यात काय सांगायचं?"

पहिला हिरा माझ्या बाजूला दिसला. मी ओरडले, "आई, खडा!" आणि थांबून राहिले. त्या टॅबमधून चालत आल्या, वाटेत दोनदा भिंतीला धडकल्या, आणि पोचल्यावर बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. काळ्या दगडात फिकट निळे तुकडे.

"फोडू?"

"फोडा ना. लोखंडाची कुदळ घ्या हातात. दगडाच्या कुदळीने फोडलात तर मिळायचा नाही."

त्यांनी कुदळ तीनतीनदा तपासली. फोडला. बाजूला अजून तीन-चार निघाले. नवरा आतून विचारायला आला की एवढा आरडाओरडा कसला, तेव्हा सासूबाईंनी त्याला टॅब दाखवला. तो म्हणाला, "अरे वा. मग आता हिऱ्याची कुदळ करा."

"तू गप बस," त्या म्हणाल्या.

त्यांना कुदळही करायची नव्हती आणि चिलखतही. खडे असेच ठेवायचे होते. मी पेटी करून दिली, गेममधल्या त्यांच्या छोट्या घरात पलंगाजवळ ठेवली. त्या पेटीत त्यांनी दगड, माती, कोळसा, नीळ सगळं भरलं. खडे मात्र बरोबर घेऊन फिरायच्या. मी समजावलं की अंगावर ठेवू नका, काही झालं तर सगळं जातं. पेटीतलं कुठे जात नाही.

"पेटी उघडता येते ना कुणाला पण?"

"इथे आपल्या दोघींशिवाय कोण आहे, आई?"

खडे अंगावरच राहिले. जमत जमत बरेच झाले. वॉकर सुटून काठी आली तोवर त्यांच्या सामानातली एक पूर्ण चौकट, म्हणजे साठेक खडे, भरत आली होती.

लाव्हात त्या माझ्यासमोर पडल्या. मी माझ्या फोनवर त्यांच्या बाजूलाच होते. त्या खालचा ठोकळा फोडत होत्या. पायाखालचा ठोकळा फोडायचा नाही हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आले होते, पण खाली नीळ दिसली होती आणि ती सोडायची नव्हती. ठोकळा फुटला आणि त्या सरळ खाली गेल्या. स्क्रीन पूर्ण नारिंगी झाली. त्यांनी घाबरून दोन्ही हात टॅबवरून उचलले, जसे गरम तव्यावरून उचलावेत. मी टॅब घेऊन त्यांना बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. स्क्रीनवर इंग्रजीत अक्षरं आली.

"काय लिहिलंय?"

मला ते सांगवेना. "आई, ते... तुम्ही मेलात, असं लिहिलंय."

त्या थोडा वेळ अक्षरांकडे बघत राहिल्या. "मंग आता?"

"आता परत जन्म घ्यायचा. हे बटण दाबा."

"कुठं जन्म?"

"तुमच्या त्याच घरात. पलंगावर."

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

आमच्या माहेरी पुनर्जन्म मानत नाहीत. मी त्यांना बटण दाखवतेय हे मम्मीने बघितलं असतं तर तिला हसू आलं असतं. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं, कारण त्यांना अजून दुसरी गोष्ट कळलेली नव्हती. पलंगावरून उठल्यावर त्यांनी आपलं सामान उघडलं. सगळ्या चौकटी रिकाम्या.

"खडे?"

"जळले, आई. लाव्हात पडलेलं परत मिळत नाही."

त्यांनी टॅब बंद केला आणि उशीखाली सरकवला. त्यानंतर तीन-चार दिवस त्या खणायला बसल्या नाहीत. व्यायाम मात्र करत होत्या, न सांगता. माझ्याशी बोलणंही पूर्वीच्या वळणावर गेलं, मोटर लावलीस का आणि दूध आलं का. मला वाटलं झालं, संपलं. एका गेमवर सगळं उभं होतं आणि गेम बुडाला. नवरा म्हणाला, "मी तिला हिरे आणून देतो. फसवून देता येतात ना, काहीतरी कमांड असते?" असते. पण मी नको म्हटलं. त्यांना कळलं असतं, आणि कळलं नसतं तरी मला ते बरं वाटलं नसतं.

एका रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता. मी खाली बसून कोलंबी सोलत होते आणि त्या खुर्चीवर बसून, पाय लांब करून माझ्या हाताकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "माझं सोनं पण पेटीतच ठेवलेलं."

मी वर बघितलं.

"लग्नातलं. बापानं घातलेलं. सासू बोलली, घरात पोरं हायत, कामाला जातेस, अंगावर नको, माझ्या पेटीत ठेव. ठेवलं. मंग दिराचं घर उभं राहिलं नि नंदेचं लगीन झालं. मी विचारलं नाय नि कुणी सांगितलं नाय. एकदा पेटी उघडी दिसली. आत जुनी लुगडी होती."

"तुम्ही कधीच बोलला नाहीत?"

"कुणाशी बोलू? तुझ्या सासऱ्याला माहीत होतं. तो खाली बघायचा."

त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, रागही फारसा नव्हता. मिठाच्या भेगांबद्दल बोलल्या होत्या तशाच बोलत होत्या. मला त्या घडीला त्यांचं वाईट वाटलं, पण त्याचबरोबर इतक्या दिवसांचं माझं स्वतःचंही काहीतरी वर आलं. हातात कोलंबी तशीच धरून मी विचारलं, "आई, तुम्ही दोन वर्षं माझ्या हातचं का नाही खाल्लं?"

वरच्या भाडेकरणीच्या कुकरची शिट्टी झाली.

"भावकीतल्या बायका बोलायच्या," त्या म्हणाल्या. "मंदिरात बसल्यावर विचारायच्या, सुनेच्या हातचं चालतं का गो तुला. मी बोलायची, ती वर राहते, मी खाली." मग म्हणाल्या, "नि माझ्या मनात पण होतं. नाय कशाला बोलू. होतं."

"आणि आता?"

"आता तू माझी घाण काढलीस. आता काय विचारतेस?"

मला ते उत्तर आवडलं नाही. मी घाण काढली नसती तर? लॅबमध्ये मी रोज वाटेल त्याच्या रक्ताच्या नळ्या हाताळते, नळीवर फक्त नंबर असतो. हे सगळं जिभेवर आलं होतं. मी एवढंच म्हटलं, "मी घाण काढली नसती, तरी माझ्या हातचं खायला पाहिजे होतं तुम्ही."

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी कोलंबी सोलायला लागले. राग गेला नव्हता, पण त्यांनी खोटं सांगितलं नाही याचं बरंही वाटत होतं. त्या काही वेळाने उठल्या, काठी न घेता पलंगापर्यंत गेल्या, उशीखालचा टॅब काढला आणि चार्जिंगला लावायला मला दिला. बॅटरी पार संपलेली होती.

त्यानंतर त्यांनी खडे पेटीत ठेवायला सुरुवात केली. खाली उतरायच्या आधी मला सांगायच्या, "पेटीत टाकलेत, बघ." मीही काढले की तिथेच टाकायचे. कुणाचे किती हे आम्ही कधी वेगळं केलं नाही. भिंती पाडणं त्यांनी सोडलं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा मम्मीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी रविवारी विठ्ठलवाडीला जायला निघत होते तर सासूबाई साडी बदलून बाहेर आल्या.

"मी पण येते. आजारी माणसाला बघायला जायला नको का?"

नवऱ्याने गाडी काढली. भिवंडी बायपासने गेलो, दुर्गाडीच्या पुलावर नेहमीसारखा अडकलो. मी मम्मीला आधी फोन करून सांगितलं होतं. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. सासूबाई कठडा धरून एकेक पायरी चढल्या, चांगला पाय आधी, ऑपरेशनचा मागून, फिजिओवालीने शिकवलं होतं तसं. बहीण वरून बघत होती. मदतीला खाली यायला लागली तर त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

मम्मी काळा चष्मा लावून कॉटवर बसली होती. ती प्राथमिक शाळेत बाई होती, आता रिटायर आहे, आणि शाळेतल्यासारखीच ताठ बसते. तिने त्यांना खुर्ची दिली आणि बहिणीला खूण केली. बहिणीने ट्रे आणला. ट्रेमध्ये पाण्याची सीलबंद बाटली होती आणि न फोडलेला बिस्किटांचा पुडा.

मला कळलं. सासूबाईंनाही कळलं. त्यांनी बाटली हातात घेतली, झाकणाकडे बघितलं आणि परत ट्रेमध्ये ठेवली. नवरा फोनमध्ये काहीतरी बघायला लागला.

"घरात माठ नाय का?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"आहे."

"मंग त्यातलं दे. नि भूक लागलीय. काय केलंय?"

बहिणीने मम्मीकडे बघितलं. मम्मी म्हणाली, "भाकरी आणि सुकटीची चटणी आहे. तुम्ही येणार म्हणून वेगळं काही केलं नाही."

"दे," सासूबाई म्हणाल्या.

जेवताना दोघींचं बोलणं ऑपरेशनांवरच झालं. कुणाला किती दुखलं, कुणाच्या डॉक्टरने किती वेळ बसवून ठेवलं. सासूबाईंनी गेमबद्दल सांगितलं, की सुनेने खाण शिकवली आणि त्यामुळे पाय वाकला. मम्मी म्हणाली, "ती लहानपणापासून तेच करते. अभ्यासाच्या वेळी पण." दोघी मग माझ्यावरच घसरल्या आणि मी भांडी घासायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी मम्मीला फोन करून विचारलं, कसं वाटलं. मला वाटत होतं ती खूश असेल.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "पण एकदा माठातलं पाणी प्यायल्या म्हणून मी आरती ओवाळू का? पाणीच आहे ते."

तिचं बरोबर होतं. तिने आयुष्यात असे बरेच ट्रे बघितले असणार, आणि त्यांतले काही तिच्यासाठीच मांडलेले असणार. ती मला त्यांबद्दल सांगत नाही.

आता सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याची तारीख घ्यायची आहे. आम्ही अजून तळमजल्यावरच राहतो, वरची खोली भाड्याने दिली. स्वयंपाकघर एकच आहे, चिंचेवरून रोज काहीतरी असतंच. मंदिरातल्या बायका अजून विचारतात का, हे मला माहीत नाही. मम्मीला कोलशेतला जेवायला बोलावलंय, सासूबाईंनी स्वतः फोन करून. मम्मी म्हणाली, दुसरा डोळा होऊ दे, मग बघते. अजून ती आलेली नाही.